वाक्प्रचारांची वार्षिक पडताळणी

डिक्शनरीरावांना इंग्रजी येत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. येत होतं. किती येत होतं हे कधी कोणी मोजलं नव्हतं, एवढंच. आणि ते ज्या कचेरीत हेडक्लार्क होते ती वजनमापांची कचेरी असल्यामुळे ही गोष्ट जरा नवलाचीच होती.

कारण या कचेरीत न मोजलेलं काही चालत नसे. दुकानदारांनी आपापले काटे आणि वजनं वर्षातून एकदा आणायची, निरीक्षकांनी ती प्रमाण वजनांशी ताडून पाहायची आणि खरी निघाली तर त्यांवर त्या वर्षाचा शिक्का मारायचा, हा इथला उद्योग. ती प्रमाण वजनं काचेच्या कपाटात मखमलीच्या खोबणीत बसवलेली असत. त्यांना उघडा हात लावायची सक्त बंदी होती. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणे. डिक्शनरीरावांच्या इंग्रजीलाही इतकी वर्षं कोणी उघडा हात लावला नव्हता. म्हणून तेही कपाटातल्या वजनांसारखं लखलखत होतं.

डिक्शनरी हे अर्थात टोपणनाव. ते कोणी पाडलं हे आता कोणालाच आठवत नव्हतं, पण खुद्द मालकांना ते इतकं आवडलं होतं की घरी फोन वाजला तर तेही "हां, डिक्शनरी बोलतोय" म्हणत. अर्थ सांगण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. शब्द सोपा असला तर चालता चालता सांगून टाकायचा. अवघड असला तर थांबायचं, चष्मा काढायचा, काचांवर "हाऽ" करायचं, रुमालाने आधी डावी मग उजवी काच पुसायची, चष्मा पुन्हा नाकावर बसवायचा आणि मग अर्थ सांगायचा. मधल्या वेळात तो अर्थ कुठून येई, देव जाणे. पण इतक्या सावकाशीने आलेल्या अर्थावर शंका घेण्याची कोणाची छाती होत नसे.

तर अशा या सुरळीत कारभारात नवे साहेब आले.

जुने साहेब नऊ वर्षं प्रत्येक फायलीवर "चर्चा करावी" एवढंच लिहीत. चर्चा कोणी करत नसे आणि काम कसं बिनबोभाट चाले. नवे साहेब म्हणजे दुसरं टोक. हसतमुख, तुरतुरीत, गळ्यात टाय, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि तोंडात इंग्रजी वाक्प्रचार. त्यांना साधं वाक्य म्हणून बोलवत नसे. पहिल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून ते म्हणाले, "लेट्स ब्रेक द आइस!" साहेब हसले म्हणून सगळे हसले, आणि हसून झाल्यावर सगळ्यांनी डिक्शनरीरावांकडे पाहिलं.

"संकोच सोडा म्हणताहेत," डिक्शनरीराव चालता चालता म्हणाले. हा त्यांना खरोखर येत होता.

मग साहेब फायलींवरही तेच लिहू लागले, हिरव्या शाईने. एका फायलीवर "द बॉल इज इन युअर कोर्ट". डिक्शनरीराव म्हणाले, आता पुढचं तुम्ही बघायचं आहे. बरोबर निघालं. दुसऱ्या फायलीवर "वन्स इन अ ब्लू मून". डिक्शनरीराव म्हणाले, क्वचित, फार क्वचित. तेही बरोबर. "डोन्ट बीट अराउंड द बुश" आलं तेव्हा त्यांनी निम्मीच काच पुसली आणि "फाटे फोडू नका, मुद्द्यावर या" असं सांगून मोकळे झाले. टंकलेखिका बाई म्हणाल्या, "तुम्ही नसतात तर आम्ही सगळे बुडालो असतो हो." डिक्शनरीराव त्या आठवड्यात कचेरीत जरा छाती काढूनच चालत होते.

आणि मग ती फाइल आली.

कोणा एका किराणा दुकानदाराने काटा तपासायला आणण्याची तारीख अकरा दिवसांनी चुकवली होती. पाय मुरगळला होता, माफी असावी, असा त्याचा अर्ज होता. फायलीवर नाव नव्हतं, परवान्याचा क्रमांक तेवढा होता. आणि अर्जाच्या समासात साहेबांच्या हिरव्या अक्षरात लिहिलं होतं, "कट हिम सम स्लॅक."

फाइल निरीक्षकांच्या हातात होती. निरीक्षक म्हणजे नियमाचा माणूस, बायकोने "जरा थांबा" म्हटलं तर "जरा म्हणजे किती?" असं विचारणारा. "डिक्शनरीराव," ते म्हणाले, "याचं काय करायचं?"

डिक्शनरीरावांनी चष्मा काढला. "कट" माहीत होतं. "हिम" माहीत होतं. "स्लॅक" म्हणजे ढिलं, सैल, हेही कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. डावी काच पुसून होईपर्यंत त्यांच्या मनात अर्थाची जुळवाजुळव झाली आणि उजवी पुसून होईपर्यंत ती पक्की झाली. "ढिलाई कापून काढा म्हणताहेत," ते म्हणाले. "गय करू नका."

निरीक्षकांनी मान डोलावली, टोपी घातली, आणि तासाभरात त्या दुकानदाराचा काटा शिशाचं सील ठोकून जप्तीच्या खोलीत येऊन पडला.

संध्याकाळी डिक्शनरीराव घरी परतले तेव्हा इमारतीच्या तळमजल्यावरच्या किराणा दुकानापुढे गर्दी होती. आत काटा टांगायचा आकडा तेवढा लोंबत होता, आणि त्याच्याखाली स्टुलावर पाय ठेवून किराणावाले बसले होते. पायाला पट्टी होती. डिक्शनरीरावांना अर्जातला मुरगळलेला पाय आठवला.

"या साहेब," किराणावाले म्हणाले. "काय देऊ? साबण देऊ, काडेपेटी देऊ, मेणबत्त्या देऊ. नगावर मोजायचं असेल ते सगळं देतो. तोलायचं म्हणाल तर काटा तुमच्याच कचेरीत आहे."

"अर्धा किलो साखर हवी होती," डिक्शनरीराव पुटपुटले.

"दाणे मोजून देऊ का?" किराणावाले म्हणाले आणि स्वतःच हसले. ही थट्टा त्यांनी पहिले दोन दिवस केली. तिसऱ्या दिवसापासून करेनासे झाले, कारण तिसऱ्या दिवसापासून करायला गिऱ्हाईकच राहिलं नव्हतं. अख्खी इमारत साखर-तांदळासाठी चार गल्ल्या ओलांडून जाऊ लागली होती.

त्याच दिवशी किराणावाले लंगडत दोन जिने चढून डिक्शनरीरावांच्या घरी आले. कोचावर टेकले. "साहेबांनी अर्जावर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय म्हणे," ते म्हणाले. "तुम्ही वाचलं असेलच. इतकं काय लिहिलं हो माझ्याबद्दल?"

"साहेब कडक आहेत," डिक्शनरीराव म्हणाले आणि त्यांचा हात चष्म्याकडे गेला.

"तेच तर कळत नाही," किराणावाले म्हणाले. "अर्ज द्यायला गेलो तेव्हा त्यांनी खुर्ची दिली मला. पायाची चौकशी केली. काळजी करू नका म्हणाले. आणि मग हे असं कसं लिहिलं? मी ओळखायला चुकलो म्हणायचं माणसाला." मग जरा थांबून ते म्हणाले, "तुमचं इंग्रजी एवढं. मला एक अर्ज लिहून द्याल? त्यांच्याच भाषेत लिहिलं तर ऐकतील."

म्हणजे डिक्शनरीरावांनी सांगितलेल्या अर्थाविरुद्धचा अर्ज डिक्शनरीरावांनीच लिहायचा होता. त्यांनी तो लिहिला. चांगला लिहिला. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत आला तेव्हा त्यांनीच त्याला आवक क्रमांक दिला आणि "पूर्वीच्या शेऱ्यानुसार कारवाई झालेली आहे" असं लिहून त्यांनीच तो फायलीला लावला. पुढच्या दोन अर्जांचंही तेच झालं. रीतच होती तशी. अक्षर ओळखीचं निघालं म्हणून काही रीत बदलत नाही.

पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. खुर्ची देणारा, पायाची चौकशी करणारा माणूस "गय करू नका" कशाला लिहील? हे कोणाला तरी विचारायला हवं होतं. आणि इथेच सगळी गोम होती. ज्याला सगळे विचारतात त्याने कोणाला विचारायचं?

खरं तर विचारायला माणूस घरातच होतं. डिक्शनरीरावांची लेक संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची. जेवायला रोज त्यांच्या समोर बसायची. पण ती लहान असताना तिला एकेक इंग्रजी शब्द समजावून सांगितला होता तो यांनी. लेक इंग्रजीत एवढी पुढे गेली ती आपल्यामुळे, हे त्यांनी सगळ्या नातेवाइकांना निदान दोनदा तरी ऐकवलं होतं. आता तिलाच विचारायचं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचा शिक्का खरवडण्यासारखं होतं. बायको सरळ म्हणालीसुद्धा, "अहो, काय ते लेकीला विचारा की. पोरगी काय खाणार आहे का तुम्हाला?" यावर डिक्शनरीराव म्हणाले, "कशाबद्दल बोलतेस?" आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

गॅलरीत शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर झाडांना पाणी घालत होते. डिक्शनरीरावांनी खडा टाकून पाहिला. "काय हो, कट हिम सम स्लॅक म्हणजे काय म्हणाल तुम्ही? माझा एक मित्र विचारत होता."

"कोणी कोणाला लिहिलंय त्यावर आहे ते," पोस्टमास्तर झारी खाली ठेवून म्हणाले. "वरच्याने खालच्याला लिहिलं असेल तर ती ताकीद. खालच्याने वरच्याला लिहिलं असेल तर रजेचा अर्ज. चाळीस वर्षं पत्रं हाताळली आहेत मी. आत काय लिहिलंय हे पाकिटावरून कळतं."

वरच्या मजल्यावरचे वकील जिन्यात भेटले. ते म्हणाले, "अर्थ दोन्ही बाजूंनी काढता येतो. आधी सांगा, तुम्ही कोणाच्या बाजूने?" डिक्शनरीराव म्हणाले, कोणाच्याच नाही. "मग तुम्हाला अर्थाची गरजच काय?" असं म्हणून वकील खाली उतरून गेले.

शेवटी एका दुपारी ते कचेरीतून लवकर सटकले आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन इंग्रजी वाक्प्रचारांचं एक जाडजूड पुस्तक घेतलं. कोणाला कळू नये म्हणून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. नेमकं त्या कव्हरवर केस गळतीच्या औषधाची मोठी जाहिरात आली, त्यामुळे पुढचे आठ दिवस टंकलेखिका बाई त्यांच्या डोक्याकडे सहानुभूतीने बघत होत्या, ती गोष्ट वेगळी. घराच्या जिन्यात, दुसऱ्या वळणावर उभं राहून त्यांनी ते पान काढलं.

कट समवन सम स्लॅक: एखाद्याला सवलत देणे, सांभाळून घेणे, चुकीकडे जरा कानाडोळा करणे.

डिक्शनरीराव पायरीवर बसले. खालून किराणावाल्यांचा आवाज येत होता. कोणाला तरी ते सांगत होते, "साबण घ्या, मेणबत्त्या घ्या."

आता एखादा साधा माणूस दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन म्हणाला असता, "मी अर्थ चुकीचा सांगितला, मला माहीत नव्हतं." पाच मिनिटांचं काम. डिक्शनरीराव तीनदा खुर्चीतून उठले. एकदा साहेबांच्या दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन आले. एकदा आत गेले आणि "पंखा नीट चालतोय ना, साहेब?" असं विचारून बाहेर आले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा टंकलेखिका बाईंनी विचारलं, "डिक्शनरीराव, 'इन द सेम बोट' म्हणजे काय हो?" आणि सगळं टेबल त्यांच्याकडे त्या जुन्या विश्वासाने बघू लागलं. ते परत बसले. ते डोळे गमवायची त्यांची तयारी नव्हती. एकतीस वर्षांत त्यांनी कमावलेलं होतं तरी काय, तर तेवढेच डोळे.

म्हणून त्यांनी तेच केलं जे एकतीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस करतो. चूक कबूल करायची नाही; चूक दुरुस्त होईल अशी योजना काढायची. त्यांनी एक टिपण लिहिलं. आपल्या कचेरीत कुठलंही वजन पडताळणीशिवाय वापरात येत नाही, तर वाक्प्रचार का यावेत? शेऱ्यांत येणारे सर्व वाक्प्रचार अर्थासह पडताळून त्यांची मंजूर यादी करावी आणि ती मागील तारखेपासून लागू करावी. सगळी मख्खी त्या शेवटच्या चार शब्दांत होती. यादीत चाळिसाव्या क्रमांकावर ते चार इंग्रजी शब्द योग्य अर्थासह गुपचूप बसणार, साहेब सही करणार, मागील तारखेपासून काटा परत जाणार, आणि जगात कोणीच काही चुकलेलं नसणार.

साहेबांनी टिपण वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "यू हॅव हिट द नेल ऑन द हेड!" हेडक्लार्क, निरीक्षक आणि टंकलेखिका बाई यांची समिती जागच्या जागी नेमली गेली.

समितीची पहिली बैठक प्रमाण वजनांच्या कपाटाशेजारी भरली. डिक्शनरीरावांनी पहिला वाक्प्रचार वाचला, "पीस ऑफ केक. अर्थ, अगदी सोपं काम."

"तुकडा केवढा?" निरीक्षकांनी विचारलं. "वजन लिहिलेलं नाही."

"अहो, ते बोलण्यापुरतं आहे."

"आमच्याकडे आलेल्या वस्तूला वजन लागतं. पुढचा घ्या."

पुढचा होता "विथ अ पिंच ऑफ सॉल्ट". कोणाचं बोलणं जरा राखूनच खरं मानणे, असा अर्थ डिक्शनरीरावांनी वाचला. निरीक्षक म्हणाले, चिमूट हे माप कायद्यात नाही. "गो द एक्स्ट्रा माईल" आल्यावर तर ते उभेच राहिले. मैल हे रद्द झालेलं माप आहे, ते व्यवहारात वापरणं हा गुन्हा आहे, आणि साहेबांनी ते तीन फायलींवर वापरलेलं आहे, याची आपण नोंद करून ठेवत आहोत, असं त्यांनी सांगितलं. "लाइक अ टन ऑफ ब्रिक्स" त्यांनी टनापुरता मान्य केला, पण विटा नगावर विकल्या जातात असा शेरा जोडला. टंकलेखिका बाई सगळं टाइप करत होत्या. त्यांनी मध्येच विचारलं, "सगळ्यांच्या खाली 'एक वर्षासाठी वैध' लिहू ना? वजनांच्या दाखल्यावर तसंच असतं."

"वर्षानंतर अर्थ बदलतो का बाई?" डिक्शनरीराव कळवळून म्हणाले.

"झिजत असेल," निरीक्षक म्हणाले. "वापराने वजनं झिजतात."

तीन आठवड्यांत सहा वाक्प्रचार झाले. चाळिसावा अजून लांब होता. आणि त्यात निरीक्षकांनी मूलभूत हरकत काढली. पडताळणी म्हणजे प्रमाणाशी तुलना. मग वाक्प्रचाराचं प्रमाण कुठे आहे? कुठल्या कपाटात ठेवलंय? डिक्शनरीराव त्या वर्तमानपत्री कव्हरातलं पुस्तक पुढे करू शकले असते, पण मग ते पुस्तक त्यांना लागलं कशाला, हा प्रश्न आला असता. पुस्तक खणातच राहिलं. प्रकरण मुख्य कचेरीकडे गेलं.

मुख्य कचेरीने उत्तराला सहसा वर्ष लावलं असतं, पण या वेळी दैव फिरलं आणि दहा दिवसांत उत्तर आलं. प्रमाण ठरेपर्यंत सर्व वाक्प्रचार पडताळणी न झालेले समजावेत, त्यांचा वापर थांबवावा, आणि त्यांच्या आधारे झालेल्या सर्व कारवाया जैसे थे ठेवाव्यात. म्हणजे इतके दिवस जो काटा चुकून जप्त होता, तो आता आदेशाने जप्त झाला. आणि आदेशामागे टिपण होतं डिक्शनरीरावांचं.

साहेबांची अवस्था तर बघवत नव्हती. फाइल समोर यायची, हिरवं पेन उघडलं जायचं, हवेत थोडा वेळ फिरायचं आणि परत बंद व्हायचं. टेबलावर फायलींचा ढीग जमला. "फर्स्ट..." असं बोलून ते थांबायचे आणि निरीक्षकांकडे चोरून बघायचे.

त्याच सुमारास एका संध्याकाळी किराणावाले पुन्हा दोन जिने चढून आले. पाय आता बरा झाला होता. हातात मेणबत्त्यांचा पुडा होता.

"दुकान बंद करतोय," ते म्हणाले. "भावाकडे जाऊन राहीन म्हणतो, त्याच्या गोदामात बसेन. साबणावर दुकान चालत नाही हो. तुम्ही तीन-तीन अर्ज लिहून दिलेत, तुमचे उपकार कसे फेडू? हे ठेवा. नगावर मोजून बारा आहेत." ते हसले, पण डोळे पाण्याने भरलेले होते. "एकच मनाला लागलंय. तो साहेब असा काय बोलला असेल माझ्याबद्दल, ते तेवढं कळायला हवं होतं."

ते गेल्यावर डिक्शनरीराव पुडा हातात धरून जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले. समोर लेक वर्गाच्या वह्या तपासत होती. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. इतकी की आता आणखी थोडी वाटली तरी फरक पडणार नव्हता.

"ऐक गं," ते म्हणाले. "मला एक सांगायचंय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. फाइल, चष्मा, काटा, जिना, समिती, आदेश. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "मला अर्थ माहीत नव्हता," ते शेवटी म्हणाले. हे वाक्य त्यांनी जन्मात प्रथमच उच्चारलं होतं. जीभ जरा अडखळली.

लेकीने पेन खाली ठेवलं. "मला ठाऊक आहे, बाबा."

"काय ठाऊक आहे? मी आत्ता तर सांगतोय."

"हे नाही. ते चष्म्याचं. मी दुसरीत असल्यापासून ठाऊक आहे. तुम्हाला येत असलं की तुम्ही पटकन सांगायचात. नसलं की चष्मा पुसायचात. मग तुम्ही काय सांगाल त्याला मी हो म्हणायचे आणि आत जाऊन शब्दकोशात बघायचे." ती हसली. "माझं निम्मं इंग्रजी तुमच्या चष्म्याने शिकवलंय. तुम्हाला सगळं येत असतं ना, तर मी शब्दकोश उघडलाच नसता."

डिक्शनरीरावांना आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग का कोण जाणे, थोडा अभिमानही वाटला. "तू कधी बोलली नाहीस ती?" त्यांनी विचारलं.

"कशाला बोलायचं?" लेक म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

"मलाही लग्नाच्या तिसऱ्या महिन्यापासून ठाऊक आहे," बायको दारातून म्हणाली. "वाढू का आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डिक्शनरीराव सरळ साहेबांच्या खोलीत गेले. निरीक्षक आणि टंकलेखिका बाई आतच होते. बरं झालं, दोनदा बोलायला नको. "साहेब," ते म्हणाले, "किराणा दुकानाच्या फायलीवर तुम्ही लिहिलेल्याचा अर्थ सांभाळून घ्या असा होता. मी गय करू नका असा सांगितला. मला माहीत नव्हतं."

कचेरीत आजवर आग लागली होती, पूर आला होता, पण असं कोणी बोललं नव्हतं.

"हे लेखी द्यावं लागेल," निरीक्षक म्हणाले.

टंकलेखिका बाईंनी कागद चढवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "'अनवधानाने' लिहू का? की 'नजरचुकीने'?"

"नाही बाई. माहीत नव्हतं, असंच लिहा."

बाईंनी लिहिलं. डिक्शनरीरावांनी सही केली. निरीक्षकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. नियमावलीत अशा कागदाला नमुना नव्हता, त्यामुळे त्यावर हरकतही घेता येईना. शिवाय त्यात एकही वाक्प्रचार नव्हता, म्हणजे मुख्य कचेरीचा आदेश त्याला लागू होत नव्हता. "पडताळणीची गरज दिसत नाही," ते नाइलाजाने म्हणाले. साहेबांनी हिरवं पेन उघडलं, थोडं घुटमळले, आणि चार साधे मराठी शब्द लिहिले, काटा आजच परत द्या.

काटा दुपारी आकड्याला टांगला गेला. डिक्शनरीराव स्वतः बरोबर गेले होते. जे घडलं ते त्यांनी किराणावाल्यांना जसंच्या तसं सांगितलं. किराणावाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. एक रिकामं पारडं बोटाने खालीवर करत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे साहेब माझ्याबद्दल चांगलंच बोलले होते."

"चांगलंच बोलले होते."

"मग ठीक आहे," किराणावाले म्हणाले. ते चिडले होते, हे दिसत होतं. साखर त्यांनी अगदी काट्यावर तोलली, एक दाणा वर टाकला नाही. डिक्शनरीराव निमूटपणे घेऊन वर आले.

त्या संध्याकाळी निघताना साहेबांनी त्यांना बोलावलं. ढीग उपसून झाला होता आणि साहेबांची कळी खुलली होती. आदेशाबिदेशाचा त्यांना विसर पडला असावा. "वेल डन," ते म्हणाले. "आता कसं, वी हॅव ऑल अवर डक्स इन अ रो!"

महिन्यापूर्वी डिक्शनरीरावांनी मान डोलावली असती. आज त्यांना एका नव्या गोष्टीची चटक लागली होती. "साहेब," ते म्हणाले, "हे बदकांचं मला माहीत नाही. याचा अर्थ काय?"

साहेबांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी डिक्शनरीरावांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग सोनेरी काड्यांचा चष्मा काढला, काचांवर "हाऽ" केलं, खिशातून रुमाल काढला आणि अगदी सावकाश डावी काच पुसायला घेतली.

डिक्शनरीराव बघत राहिले. डावी झाली. उजवी सुरू झाली. त्या हिरव्या शाईतले सगळे शेरे, ते सगळे चेंडू आणि चंद्र, त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. आता दोन मिनिटं नुसतं गप्प उभं राहिलं की काहीतरी अर्थ येईल, आणि तो कुठून येईल हे त्यांच्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक होतं?

"राहू द्या साहेब, घाई नाही," ते म्हणाले. "घरी लेकीला विचारतो आणि उद्या आपल्या दोघांना सांगतो."

साहेबांचा रुमाल थांबला. "चालेल," ते म्हणाले. मग चष्मा नाकावर बसवत, जरा हलक्या आवाजात म्हणाले, "आणखी दोन-चार विचारायचे होते. चिठ्ठीवर लिहून देऊ का?"